जहाजावरची नोकरी: कंपनी खरी की खोटी, हे पैसे देण्याआधी कसं ओळखायचं?

भोर आणि वेल्हे तालुक्यात पाणी आहे ते धरणांचं. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव. समुद्र बघायचा तर वरंधा घाट उतरून महाड गाठायचं आणि तिथून पुढे जायचं. घाटाखाली मात्र चित्र वेगळं आहे. म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड, त्याच्या पलीकडे बाणकोट, दाभोळ या पट्ट्यातल्या कोकणी मुस्लिम घरांत पिढ्यान्‌पिढ्या कुणी ना कुणी जहाजावर असतंच. तिकडे मुलाला ऑफर आली की घरातले किंवा शेजारचे एखादे रिटायर झालेले सारंग चाचा चष्मा लावून कागद वाचतात. दोन प्रश्न विचारतात आणि "हा माणूस बरोबर नाही, जाऊ नको" असं सांगून मोकळे होतात.

घाटाच्या वर असे चाचा सहसा नाहीत. भोर शहरात किंवा वेल्ह्याच्या (कागदोपत्री आता राजगड तालुका) गावांत दहावी-बारावी झालेल्या मुलाला मोबाइलवर जाहिरात दिसते: "मर्चंट नेव्ही, दहावी पास, एक महिन्यात जॉइनिंग, पगार ८० हजार." घरात कुणाला यातलं काही ठाऊक नसतं. एजंट दोन-चार लाख मागतो. मग अम्मीचे दागिने निघतात, मामूकडून उसने घेतले जातात, नाहीतर रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा विकायला काढतात. पुण्याच्या जवळिकीमुळे जमिनीला गिऱ्हाईक लगेच मिळतं, हीच इथे धोक्याची गोष्ट आहे. घाटाखालचे चाचा जे प्रश्न विचारतात, ते आपल्यालाही विचारता यावेत म्हणून हा लेख.

पैसे मागितले की तिथेच थांबा

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करू. जहाजावर नोकरी लावून देण्यासाठी नाविकाकडून पैसे घेणं बेकायदा आहे. "थोडे घेतले तर चालतात" असा प्रकार नाही. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात ही बंदी होती. भरती कंपन्यांसाठी २०१६ साली जे नियम झाले त्यांतही ती आहे. सागरी कामगारांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, ज्याला सगळे एमएलसी २००६ म्हणतात, त्यातही हेच लिहिलं आहे. भारताने हा करार ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्य केला. त्या करारानुसार नाविकाने स्वतः करायचा खर्च म्हणजे पासपोर्ट, नाविकाचं नोंदपुस्तक आणि मेडिकल सर्टिफिकेट. जहाजापर्यंतचं विमानाचं तिकीट, व्हिसा, भरतीचं कमिशन हे सगळं जहाजमालकाच्या खिशातून जायला हवं.

म्हणून एजंट त्या पैशाला कुठलंही नाव देवो, "प्रोसेसिंग फी" म्हणो, "सिक्युरिटी डिपॉझिट" म्हणो, "कॅप्टनला द्यावे लागतात" म्हणो, अर्थ एकच. "आता अर्धे द्या, अर्धे पगारातून कापू" हे ऐकायला सोयीचं वाटतं, पण तेही त्यातलंच. आपल्याकडचे बरेच लोक म्हणतात, "अहो, पैसे दिल्याशिवाय कुठे काय होतं?" मान्य, अनेक जण देतात आणि त्यातल्या काहींना नोकरीही लागते. पण जो माणूस पहिल्याच दिवशी कायदा मोडून तुमच्याकडून पैसे घेतो, तो सहा महिन्यांनी तुमच्या मुलाचा पगार थकला तर त्याच्यासाठी मालकाशी भांडेल, ही आशा कशाच्या जोरावर धरायची?

ट्रेनिंगची फी ही वेगळी गोष्ट. खलाशी म्हणून जायचं तर जीपी रेटिंगचा सहा महिन्यांचा निवासी कोर्स असतो. दहावीला विज्ञान, गणित आणि इंग्रजी लागतं. कोर्सची फी संस्थेला पावती घेऊन द्यायची असते. संस्था डीजी शिपिंगची, म्हणजे केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाची, मान्यता असलेली हवी. आपल्या समाजाचा या क्षेत्राशी संबंध आजचा नाही. उरणजवळ न्हाव्याला 'ट्रेनिंग शिप रहमान' ही संस्था सर मोहम्मद युसुफ यांच्या देणगीतून १९१० साली उभी राहिली. पुणे जिल्ह्यातच लोणी काळभोर आणि तळेगावजवळच्या इंदुरीलाही मोठ्या सागरी संस्था आहेत. पण कोर्स आणि नोकरी यांचं पॅकेज करून "एवढे लाख भरा, बाकी आमच्यावर सोडा" असं कुणी म्हणत असेल तर फीची पावती वेगळी मागा. नोकरीच्या पैशाची पावती तो देणार नाही, आणि तिथेच तुम्हाला उत्तर मिळेल.

लायसन्स नंबर

भारतातून नाविकांची भरती करायची तर कंपनीकडे डीजी शिपिंगचं लायसन्स लागतं. त्याला आरपीएसएल म्हणतात. ते ठरावीक मुदतीचं असतं आणि तक्रारी आल्या तर निलंबित किंवा रद्दही होतं. डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर लायसन्स असलेल्या कंपन्यांची यादी कुणालाही बघता येते. त्यात नाव, नंबर, पत्ता, लायसन्स चालू आहे की बंद, हे बघायचं.

पण नुसता नंबर जुळला म्हणून निर्धास्त होऊ नका. चोर आता हुशार झाले आहेत. ते खऱ्या कंपनीचं नाव, तिचा लोगो, तिचा खरा लायसन्स नंबर उचलतात आणि त्यावर स्वतःचा मोबाइल नंबर टाकतात. लेटरहेड एकदम झकास असतं. ओळखायचं कसं? ईमेल कंपनीच्या स्वतःच्या नावाचा आहे की फुकटातल्या जीमेलचा, ते पाहा. पैसे कंपनीच्या खात्यात मागतात की कुणा व्यक्तीच्या यूपीआयवर, ते पाहा. (पैसे मागणंच चूक, पण कुठे मागतात त्यावरून माणूस कळतो.) आणि सगळ्यात महत्त्वाचं: एजंटने दिलेल्या नंबरवर फोन करून खात्री करून घेऊ नका. सरकारी यादीत कंपनीचा जो पत्ता आणि फोन आहे, तिथे स्वतः फोन लावा आणि विचारा, "या नावाचा माणूस तुमच्याकडे आहे का? माझ्या मुलाच्या नावाने ऑफर निघाली आहे का?" दोन मिनिटांचं काम आहे. कितीतरी घरांनी फक्त लाजेखातर हा फोन केलेला नसतो. "एवढी मोठी कंपनी, आपण काय विचारायचं" म्हणून.

फोनवर समाधान झालं नाही तर एक दिवस मोडा. स्वारगेटला उतरायचं, पुण्याहून मुंबईची गाडी धरायची. सीएसएमटीपासून बॅलार्ड इस्टेट चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिथे नौ भवनात शिपिंग मास्टरचं सरकारी ऑफिस आहे. त्याच भागात नाविकांची जुनी युनियन नुसी आहे, जिची मुळं १८९६ पर्यंत जातात. लाखाच्या व्यवहारासाठी एक दिवस आणि गाडीभाडं हा काही मोठा खर्च नाही. कंपनीचं ऑफिसही त्याच फेरीत बघून या. बेलापूर, वाशी, नेरुळ भागात खऱ्या शिपिंग कंपन्या पुष्कळ आहेत आणि त्यांच्याच शेजारी महिन्याच्या भाड्यावर घेतलेली एका टेबलाची ऑफिसंही आहेत. तिथे बसलेल्या माणसाला एवढंच विचारा: तुमच्याकडे कोणत्या मालकाची किती जहाजं आहेत? खरी भरती कंपनी कुठल्यातरी जहाजमालकाशी लेखी करार करूनच काम करते. तिला हे उत्तर द्यायला अर्धा मिनिटही लागू नये.

जहाज कोणतं?

"जहाज कोणतं ते दुबईला गेल्यावर कळेल" असं उत्तर आलं तर उठून घरी या. ऑफरमध्ये जहाजाचं नाव आणि आयएमओ नंबर हवा. जहाजाचं नाव, रंग, झेंडा, मालक बदलतो, पण हा सात आकडी नंबर जहाजाच्या जन्मापासून ते भंगारात जाईपर्यंत तोच राहतो.

हा नंबर मनाने बनवलेला आहे का, हे घरबसल्या तपासता येतं. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा हा नंबरच्या सातव्या आकड्याशी जुळला पाहिजे. उदाहरणार्थ ९०७४७२९. यात ९ गुणिले ७ म्हणजे ६३, ० गुणिले ६ म्हणजे ०, ७ गुणिले ५ म्हणजे ३५, ४ गुणिले ४ म्हणजे १६, ७ गुणिले ३ म्हणजे २१, २ गुणिले २ म्हणजे ४. बेरीज १३९. शेवटी ९ आणि नंबरच्या शेवटीही ९, म्हणजे जुळला. हे गणित आठवीतली बहीणही करून देईल. जुळलं नाही तर नंबर खोटा. जुळला तर मात्र तेवढ्यावर जहाज चांगलं ठरत नाही, पुढे बघावं लागतं.

पुढे म्हणजे इक्वॅसिस ही वेबसाइट. युरोपातल्या सरकारी यंत्रणांच्या पुढाकाराने ती चालते, नाव नोंदवलं की फुकट बघता येते. आयएमओ नंबर टाकला की जहाजाचा मालक कोण, ते चालवणारी कंपनी कोणती, झेंडा कुठला, जहाज किती वर्षांचं आणि कोणत्या बंदरात तपासणीत अडकवून ठेवलं होतं का, हे दिसतं. तीन गोष्टींकडे जरूर बघा. जहाज तीस-पस्तीस वर्षांचं आहे का? मालक आणि झेंडा थोड्या थोड्या काळाने बदलत आहेत का? जहाजाला पी अँड आय विमा आहे का? हा विमा म्हणजे मालक पळाला तर नाविकाच्या मागे उभी राहणारी शेवटची भिंत. ती नसलेल्या जहाजावर कितीही पगार सांगितला तरी नको.

पगाराचंही एक माप आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत ठरल्याप्रमाणे एबी, म्हणजे अनुभवी खलाशाचा, किमान मूळ पगार १ जानेवारी २०२६ पासून महिना ६९० डॉलर आहे. ओव्हरटाइम आणि रजेचे पैसे धरून हातात येणारी रक्कम यापेक्षा जास्त होते, हे खरं. पण कालच कोर्स केलेल्या, एकही दिवस समुद्रावर न गेलेल्या मुलाला कुणी दीड-दोन हजार डॉलर सांगत असेल, तर तो पगार जाहिरातीपुरताच समजा.

करार निघण्याआधी हातात हवा

कुरआनातली सगळ्यात लांब आयत सूरह बकरामध्ये आहे आणि ती आहे देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल, साक्षीदार ठेवण्याबद्दल. तरी आपल्याकडे नोकरीचा कागद मागायला माणूस संकोचतो, "विश्वास नाही का?" असं ऐकायला लागेल म्हणून. जहाजाच्या कामात उलट आहे. करार मागणारा नाविक शहाणा समजला जातो.

या कराराला सगळे एसईए म्हणतात. त्यात मालकाचं नाव-पत्ता, पद, पगाराचा आकडा, रजा, कराराची मुदत, करार कसा संपवता येईल, आजारपणात काय, आणि घरी परत आणण्याचा खर्च कुणाचा, हे सगळं हवं. दोघांच्या सह्यांची एक प्रत नाविकाकडे राहिली पाहिजे. सही करण्याआधी वाचायला वेळ मिळणं हा त्याचा हक्क आहे. "एअरपोर्टवर सही करून घेऊ" हे उत्तर चालणार नाही. विश्रांती चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात सत्त्याहत्तर तास, हाही नियम आहे.

जेवणाचा प्रश्न आपल्या घरांत हमखास निघतो आणि मुलं तो इंटरव्ह्यूत विचारायला लाजतात. लाजू नका. जहाजावरचं जेवण फुकट असतं आणि ते देताना नाविकांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक सवयींचा विचार करावा, असं त्याच एमएलसी करारात लिहिलं आहे. हलालची सोय आहे का, नसेल तर मांसाशिवाय वेगळं काय मिळतं, हे सरळ विचारा. चांगली कंपनी यावर चिडत नाही. तिच्या जहाजांवर आधीपासून कोकणातले, इंडोनेशियाचे, बांगलादेशचे मुस्लिम नाविक असतात.

करारावर मालक म्हणून कोण आहे, हे दोनदा वाचा. जहाजावर किंवा बार्जवर वेल्डर, रिगर, हेल्पर म्हणून जाणाऱ्यांसाठी तर हे फारच महत्त्वाचं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ जण होते, सत्तरहून अधिक गेले. त्यातले कितीतरी जण ठेकेदाराकडून आलेले कामगार होते. बार्ज एकाचा, काम दुसऱ्याचं, पगार देणारा तिसरा. अशा वेळी जबाबदारी कुणाची, हे कागदावर नसेल तर नंतर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

टुरिस्ट व्हिसा आणि दुसऱ्या देशाची सीडीसी

सीडीसी म्हणजे नाविकाचं नोंदपुस्तक. जुने खलाशी तिला 'नळी' म्हणायचे. भारतीय सीडीसी आणि इंडोस नंबर असलेला मुलगा लायसन्सवाल्या कंपनीतून निघाला की त्याची नोंद डीजी शिपिंगच्या संगणकात व्हायला हवी. आपला मुलगा कुठल्या जहाजावर, कुणामार्फत गेला, हे सरकारला त्या नोंदीवरून कळतं.

खोटा एजंट नेमकी हीच नोंद टाळतो. तो म्हणतो, "भारतीय सीडीसीला वेळ लागतो, आपण दुसऱ्या देशाची काढू." मग म्हणतो, "टुरिस्ट व्हिसावर जा, इमिग्रेशनला विचारलं तर फिरायला चाललोय म्हणून सांग." ज्या क्षणी मुलाला खोटं बोलायला शिकवलं जातं, त्या क्षणी त्याचं संरक्षण संपलं. तिकडे तो नाविक ठरत नाही, व्हिसाची मुदत मोडून राहिलेला माणूस ठरतो. अशा वाटेने इराण आणि आखातातल्या छोट्या जहाजांवर गेलेल्या मुलांचे हाल वर्तमानपत्रांत अनेकदा आले आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये इराणच्या चाबहारला पाच भारतीय खलाशी अमली पदार्थांच्या प्रकरणात पकडले गेले, त्यात मुंबईचीही मुलं होती. मार्च २०२१ मध्ये कोर्टाने त्यांना निर्दोष ठरवलं. पण तोवर वर्ष तुरुंगात गेलं होतं, आणि सुटल्यावरही लगेच घरी येता आलं नाही.

पगार थांबला तर

वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, आयटीएफच्या, आकड्यांनुसार २०२४ मध्ये ३१२ जहाजांवरचे ३,१३३ नाविक मालकांनी वाऱ्यावर सोडले. त्यात सगळ्यात जास्त भारतीय होते, ८९९. 'एमटी इबा' या टँकरची गोष्ट अनेकांना आठवत असेल. २०१७ पासून ते अमिरातीच्या किनाऱ्याबाहेर अडकलं होतं आणि जानेवारी २०२१ मध्ये साखळी तुटून उम्म अल क्वैनच्या किनाऱ्याला लागलं. त्यावर उरलेल्या पाच जणांत भारतीयही होते आणि त्यांचा अडीच वर्षांहून जास्त पगार थकला होता.

नियम असा आहे: दोन महिने पगार आला नाही, किंवा जहाजावर अन्न-पाणी-इंधन संपलं, किंवा मालक घरी पाठवायला नकार देतो, तर कायद्याच्या भाषेत नाविकाला सोडून दिलं असं धरलं जातं. जानेवारी २०१७ पासून प्रत्येक अशा जहाजावर विम्याचं सर्टिफिकेट सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असावं लागतं. त्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी येण्याचा खर्च मिळू शकतो. चारच महिन्यांचा, हे लक्षात घ्या. जो आठ महिने "पुढच्या महिन्यात देतो" ऐकत बसतो, त्याचे मधले पैसे अधांतरी राहतात. मुलं गप्प बसतात कारण घरी कर्ज असतं आणि अब्बांना काय सांगायचं हे कळत नाही. म्हणून जाण्याआधीच घरात ठरवून टाका: दुसऱ्या महिन्याचा पगार चुकला की लपवायचं नाही. त्याच दिवशी आयटीएफ, नुसी, डीजी शिपिंग आणि तिथल्या भारतीय वकिलातीला कळवायचं. परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार इथून घरच्यांनाही करता येते. त्या विम्याच्या सर्टिफिकेटचा फोटो मुलाने पहिल्याच आठवड्यात काढून घरी पाठवावा.

पैसे आधीच देऊन बसला असाल आणि एजंट फोन उचलत नसेल, तर ऑनलाइन दिलेल्या पैशांसाठी लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढे सरकते. चॅट, रेकॉर्डिंग, पावत्या काहीही पुसू नका. ऑफिस नवी मुंबईत आहे म्हणून "तिकडे जा" असं पोलिस ठाण्यात सांगितलं गेलं तर जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नव्या फौजदारी संहितेच्या कलम १७३ चा उल्लेख करा. गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार भोर किंवा वेल्ह्याच्या ठाण्यातही नोंदवता येते आणि मग ती पुढे पाठवली जाते.

आणि मूळ पासपोर्ट, सीडीसी, मार्कशीट एजंटकडे ठेवायला देऊ नका. झेरॉक्स द्या. मूळ कागद "जमा" करून घेऊन नंतर ते परत देण्यासाठीच पैसे मागायचे, हाही धंदा चालतो. मुलगा निघताना पासपोर्ट, सीडीसी, करार, जहाजाचा आयएमओ नंबर आणि कंपनीचा सरकारी यादीतला फोन, या सगळ्यांची एक प्रत अम्मीच्या किंवा बायकोच्या कपाटात राहू द्या. रात्री-अपरात्री फोन येतो तेव्हा कागद शोधायची जबाबदारी बहुतेक त्यांच्यावरच येते.